पाणबुडीला मोटर

आमच्या भागात पाणबुडी म्हटलं की कुणाला समुद्र आठवत नाही. आमचा समुद्राशी संबंध फक्त मिठापुरता. पाणबुडी म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, विहिरीत नाहीतर बोअरमध्ये सोडायची आणि बटण दाबायचं. वाटूर फाट्याजवळ माझं मोटरी भरायचं दुकान आहे. मोटरी भरायच्या म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार घालून द्यायची. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी ‘पाणबुडी आणली’ म्हणत येतंच. त्यामुळे दादा एकदा दुकानात येऊन ‘पाणबुडी करायची हाय’ म्हणाला, तेव्हा मी मान वर न करता विचारलं, किती हॉर्सपॉवरची?

‘माणूस बसंल येवढी,’ तो म्हणाला.

मी हातातला सोल्डर बाजूला ठेवला. दादा माझा थोरला भाऊ, पन्नाशी ओलांडलेला, आणि चेष्टा करायची त्याला सवय नाही. चेष्टेचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

दादानं उभं आयुष्य विहिरींत बुड्या मारल्या. पूर्वी मोटर काठावर असायची आणि पाइप पाण्यात. पाइपाच्या खालच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो, आत आलेलं पाणी परत जाऊ न देणारी झडप. आमच्याकडे लहानथोर सगळे त्याला फुटबॉल म्हणतात. फुटबॉलात पाला, चिंधी, पिशवी अडकली की मोटर पाणी उचलत नाही, मग कुणीतरी तळाला जाऊन तो साफ करायचा. आजूबाजूच्या गावांत हा कुणीतरी म्हणजे दादा. कमरेला दोर बांधून तो खाली जायचा आणि दोराचं दुसरं टोक काठावर वहिनीच्या हातात असायचं. दोर घरच्याच माणसानं धरायचा, हा त्याचा नियम. विहिरीचा मालक कितीही मोठा असला तरी त्याच्या गड्याच्या हातात दोर जायचा नाही. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे ओढ. मी वहिनीला चिडवायचो, तुम्ही दोघं तोंडानं बोलला नसाल तेवढं दोरावर बोललात. ती म्हणायची, ‘तोंडानं बोलले की भांडतेत, भाऊजी. दोरावर बराबर बोलतेत.’

मग एका खोल विहिरीत त्याचा कान फुटला. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, पडद्याला भोक आहे, पाण्याखाली जायचं नाही, डोक्यावरून अंघोळ करतानाही सांभाळा. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी तेलात भिजवलेला कापसाचा बोळा त्याच्या कानात घालते आणि अंघोळीनंतर काढून बोटांनी दाबून बघते, पाणी गेलंय की काय. त्याच सुमाराला गावोगाव पाणबुडी मोटरी आल्या. त्यांना फुटबॉल लागत नाही आणि बुडी मारणाराही लागत नाही. कान बरा असता तरी दादाचं काम गेलंच असतं. माझ्या दुकानात तो यायचा तेव्हा भरायला आलेल्या पाणबुड्यांकडे पाठ करून बसायचा. त्या मोटरींवर माझं घर चालत होतं आणि त्याचं बंद पडलं होतं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

‘पाणबुडी कशाला पाहिजे तुला?’ मी विचारलं.

‘कानात शिट्टी वाजून राह्यली रं,’ तो म्हणाला. ‘झोपंतबी वाजती. खाली गेलं की लई गुमान वाटायचं. मला एकदा खाली जायचंय. कान कोरडा ठेवून.’

बस, एवढंच. ना काम परत पाहिजे होतं, ना नाव. माझा थोरला भाऊ माझ्याकडे उभ्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागत होता. मी नाही म्हणालो असतो तर तो गुपचूप उठून गेला असता आणि मला पुढे जेवण गोड लागलं नसतं. म्हणून मी हो म्हणालो, आणि लगेच त्याच्यावर चिडलो, कारण हे कसं करायचं याची मला काडीची कल्पना नव्हती.

डबा मिळायला त्रास झाला नाही. जालना हे लोखंडाचं गाव. सळईच्या कारखान्यांच्या मागे भंगारात काय मिळत नाही? दाबाची हवा साठवायची एक जुनी टाकी मिळाली, जाड पत्र्याची, आडवी ठेवली तर एक माणूस पाय लांब करून बसेल एवढी. गावातल्या बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणून ठेवली. वर माणूस जाईल एवढं भोक पाडून आतून-बाहेरून उघडणारं झाकण बसवलं, पुढे जाड अॅक्रिलिकची गोल खिडकी. टाकीत हवेचा दाब साधाच राहणार, म्हणजे कानावर भार नाही. पोटात लोखंडाचे तुकडे भरून वजन केलं. पोकळ टाकीला पाण्याखाली न्यायला किती वजन लागतं हे मला तेव्हा कळलं. मी घालत होतो आणि टाकी गावच्या हौदात बुचासारखी तरंगत होती.

खरी डोकेदुखी पुढेच होती. ती चालवायची कशानं? आणि तेही कमी खर्चात, कारण बाजारात बोटीला लावायच्या ज्या तयार मोटरी मिळतात त्यांची किंमत ऐकून मी फोनच ठेवून दिला होता.

आधी सायकल केली. आत पायडल, साखळी, टाकीच्या भिंतीतून बाहेर जाणारा दांडा आणि त्याच्या टोकाला कूलरच्या पंख्याची पाती. दिसायला फार झकास. हौदात उतरवली तर पाती पहिल्याच झटक्याला केळीच्या सालीसारखी मागे वळली, कारण ती हवेसाठी केलेली, पाण्याचा मार त्यांना काय माहीत. जाड पत्र्याची पाती केली तर दादाला दम लागला. बंद डब्यात हवा तेवढीच, आणि पायडल मारणारा माणूस ती दुपटीनं ओढणार. सायकल बाद.

मग ट्रॅक्टरचा स्टार्टर लावला. ताकद भरपूर, पण तो बिचारा ट्रॅक्टर चालू होईपर्यंतच फिरायला जन्मलेला. थोडं जास्त चालवला की तापून वास मारायला लागला आणि बॅटरी पिऊन मोकळा झाला. ट्रकच्या वायपरची मोटर याच्या अगदी उलट. दिवसभर चालेल, पण इतकी संथ की पाण्याला तिचा पत्ताच लागत नव्हता. शेवटी भोकरदनहून अपघातात मोडलेल्या ई-रिक्षाची मोटर आणली. ही मात्र बेतात बसत होती. ताकद ठीक, बॅटरीचा खर्च ठीक, सुटे भाग कुठेही मिळतात. मी खूश. पण दांडा टाकीतून बाहेर काढायचाच होता, आणि त्या भोकातून पाणी येत होतं. ग्रीसमध्ये भिजवलेली सुताची दोरी कोंबली तर दांडा जाम, सैल केली तर धार. चार वेळा खोललं, चार वेळा जोडलं. पाचव्या वेळी मी पाना भिंतीवर फेकून मारला.

दादा शांतपणे पाना उचलून आणत म्हणाला, ‘भोक पाडलं की पाणी येनारच. फिरनारं भोक तर जादाच.’

बरोबर होतं त्याचं. तारेचं भोक बुजवता येतं, कारण तार जागची हलत नाही. फिरणाऱ्या दांड्याचं भोक बुजवणं कठीण. म्हणजे आम्हाला अशी मोटर पाहिजे होती जी बाहेर, पाण्यातच राहील. मी मोटरींमध्ये आयुष्य काढलेला माणूस, आणि असल्या मोटरी माझ्या दुकानात ओळीनं पडलेल्या. पण सांगतो ते खरं आहे, मला सुचलं नाही. माझ्या डोक्यात ती पाणी वर आणायची वस्तू होती. डबा पुढे ढकलायचं काम तिला सांगायचं असतं हे कुणी मला शिकवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी जुन्या जालन्यात गेलो. एका बोळात मोटरींच्या सामानाचं जुनं दुकान आहे, दुकानदार माझ्या नेहमीच्या ओळखीचा. गर्दीतून मी लांबूनच ओरडलो, ‘शेठ, पाणबुडीला मोटर पाहिजे.’

त्यानं न बोलता काउंटरवर एक मोटर ठेवली. सोलरवर चालणारी छोटी डीसी पाणबुडी मोटर, बॅटरीवरही चालते.

‘ही न्हाई,’ मी म्हणालो, ‘पाणबुडी हायच. तिला बसवायला मोटर पाहिजे.’

‘अहो, पाणबुडी म्हणजेच मोटर. तिला परत मोटर कशाला?’

‘न्हाई हो. माणूस बसतो ती पाणबुडी.’

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘पाणबुडीला फुटबॉल बी लागत न्हाई, अन् तुमी माणूस बसवून राह्यले?’

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, कारण दुसरा इलाज नव्हता. आणि हसता हसता काउंटरवरच्या त्या मोटरीकडे माझं लक्ष गेलं. एका बाजूनं पाणी आत घेते, दुसऱ्या बाजूनं जोरात बाहेर फेकते. फिरणारा सगळा भाग तिच्याच पोटात. टाकीला फक्त तारेचं भोक. मी तिथेच दोन घेतल्या, एक पुढे ढकलायला आणि एक खाली न्यायला.

घरी येऊन त्या दादापुढे ठेवल्या तर तो उठूनच गेला. अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, ‘तिच्या जिवावर मला खाली जायचं न्हाई. ऱ्हाऊ दे सगळं.’

मला राग आला. इतके महिने मी हात काळे केले ते कुणासाठी? मी तसं बोललोही, आणि आवाज चढवून बोललो. तो उलटून बोलला नाही. वाद घालणाऱ्या माणसाशी मला निभावता येतं, गप्प बसणाऱ्याशी नाही. टाकी तशीच शेडमध्ये पडून राहिली.

वहिनी या सगळ्याच्या पहिल्यापासून विरोधात होती. कान गेला, आता जीव घालवता का, असं तिनं आम्हा दोघांना जेवताना ऐकवलं होतं. त्यामुळे काम बंद पडलं तेव्हा मला वाटलं, ती सुटले एकदाची म्हणेल. पण दादा घरात नुसता बसून राहायला लागला आणि चार दिवसांत तीच बोलली. भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘त्या मोटरीनं तुमचं काम नेलं ना? मंग तिलाच कामाला लावा की. भोगू द्या तिला बी सासुरवास.’

दादा हसला. मी किती तरी दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

‘पण दोर माझ्या हातात,’ ती पुढे म्हणाली. ‘अन् भाऊजी, मोटर बंद पडली तर डबा आपसूक वर आला पाहिजे. वढायची वाट बघत बसायची न्हाई.’

तिच्या या अटीनं निम्मं गणित सोपं केलं. डबा बुडेल एवढा जड करायचाच नाही. झाकण लावल्यावर बाहेरच्या हुकांना वाळूच्या पिशव्या अडकवत जायचं, वर फक्त झाकणाची कडी दिसेपर्यंत. उरलेलं काम मोटरीनं दाबून करायचं. मोटर चालू आहे तोवर खाली, बंद झाली की वर. बॅटऱ्या आत ठेवायच्या नाहीत, कारण चार्जिंगचा वायू बंद जागेत वाईट. त्या काठावर, आणि तार दोराला बांधून आत. बटणं दोन, दोन्ही दादाच्या हाताशी.

गावाबाहेर दगडाची जुनी खदान आहे. काम बंद पडल्यापासून तिच्यात पाणी साठलंय, आणि दिवाळीनंतर ते इतकं निवळतं की काठावरून पहिली पायरी दिसते. पायरी म्हणजे दगड कापताना राहिलेला सपाट टप्पा, दीड पुरुष खोल. त्याच्यापुढे एकदम खोल खड्डा. जेसीबीनं टाकी तिथे उतरवली आणि दादाच्या वजनाची वाळू आत ठेवून, बटणं तेवढ्यापुरती काठावर घेऊन आम्ही चाचणी घेतली. खाली जायचंय म्हणून मी मोटरीचं तोंड खाली केलं होतं. आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, जिकडं तोंड तिकडं पाणी, आणि पाण्यामागं सगळं. बटण दाबलं तर टाकी खाली जायच्या ऐवजी वर उसळली आणि म्हशीसारखी कुशीवर वळली. जेसीबीवाला खाली बसून हसत होता.

‘उलटं लाव,’ दादा म्हणाला. ‘हिरीत ती पानी वर फेकती तव्हा सोता खाली दबती. दोराला तान येतो. म्या रोज बघतो.’

दुकानात तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि विहिरीवर तिलाच बघत होता. मी तोंड वर केलं. या वेळी बटण दाबल्यावर टाकी सरळ, हळूहळू पाण्याखाली गेली आणि ती जिथे होती तिथे वर पाण्याला उकळी फुटली, भात शिजताना येते तशी. बंद केलं, उकळी थांबली, टाकी वर आली. आम्ही ते संध्याकाळपर्यंत परत परत केलं. मला सांगायला लाज वाटत नाही, मी तेव्हा लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होतो.

दादा बसणार त्या दिवशी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून अर्धंच गाव आलं. वहिनीनं दोर आदल्या दिवशी धुऊन वाळवला होता. जुनाच दोर, विहिरींचा. त्याचं एक टोक तिनं स्वतः टाकीच्या कडीला बांधलं, दोनदा ओढून पाहिलं. तेव्हा दादाच्या लक्षात आलं आणि तो झाकणात अर्धा उभा राहून म्हणाला, ‘आतून हिसका कसा देऊ मी?’

खरंच, आतून दोराला हात पोचत नव्हता. आम्ही सगळ्याचा विचार केला होता, याचा नाही. मी म्हणालो, ‘हिसक्याची गरजच न्हाई. उकळी दिसतीय तोवर तू खाली. थांबली की वर येऊन राह्यला. पायरीवरच फिरायचं, थोडाच वेळ.’ वहिनीनं त्याच्या कानातला बोळा नीट बसवला. मी म्हणणार होतो, आत पाणी येणार नाही, बोळा कशाला. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाळूच्या पिशव्या उचलायला गेलो.

झाकण लागलं. पिशव्या अडकवल्या. उकळी फुटली आणि कडी दिसेनाशी झाली.

मला भीती वाटत होती. सगळं तपासलेलं होतं, तरी माझा भाऊ एका भंगाराच्या टाकीत पाण्याखाली होता आणि ती टाकी मी केली होती. उकळी पायरीवरून सावकाश पुढे सरकत होती. मागची मोटर तिला ढकलत होती. वहिनी पाय रोवून उभी, दोर दोन्ही हातांत, उरलेलं वेटोळं पायापाशी. दोर ताणला गेला तेव्हा उकळी पायरीच्या कडेशी होती. तिथून पुढे जायचं नाही, हे ठरलेलं.

तेवढ्यात उकळी थांबली. मी म्हणालो, येतोय. पण लगेच परत फुटली. परत थांबली. परत फुटली.

‘मोटर अडखळती,’ मी ओरडलो. ‘तारेत लोचा झाला. ओढा, वैनी, ओढा जल्दी!’

वहिनीनं ओढला नाही. ती त्या पाण्याकडे बघत होती, आणि तिचा असा चेहरा मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ‘अडखळत न्हाई,’ ती म्हणाली. ‘दोन हिसके दिले त्यांनी.’

आणि तिनं दोर सैल सोडला. मी तिच्या हातातून दोर घ्यायला धावलो तर तिनं मला खांद्यानं बाजूला सारलं, चांगलं जोरात. ‘घरच्याच मानसाच्या हातात ऱ्हातो दोर,’ ती म्हणाली. मी काय बाहेरचा होतो? पण तेव्हा होतोच. त्या दोघांच्या बोलण्यात मला जागा नव्हती. उकळी कडेच्या पुढे गेली, खोल पाण्यावर, आणि तिथे बारीक होत होत नुसती थरथर उरली. पायापाशीचं वेटोळं संपत आलं. दोराचं शेवटचं टोक तिनं मनगटाला गुंडाळलं. थरथर एकदा थांबली, एकदा आली. ‘ठीक हाय म्हनतेत,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मग बराच वेळ काही नाही. मग तीन. तिनं ओढायला सुरुवात केली, आणि टाकी तर आपसूकच वर येत होती, तरी ती ओढत राहिली, हात बदलत, पूर्वी ओढायची तशी. मी तिच्या मागे उभा राहून दोर गुंडाळत होतो. माझे डोळे भरून आले होते आणि मी घाम पुसल्यासारखं करत होतो.

झाकण उघडून दादा वर आला. मी विचारलं, शिट्टी थांबली का? तो म्हणाला, ‘न्हाई. हाय की. पन खाली तिचं काई वाटलं न्हाई.’ मग काठावर येऊन त्यानं कानातला बोळा काढला आणि वहिनीच्या हातावर ठेवला. तिनं तो दोन बोटांत दाबून पाहिला, रोज सकाळी बघते तसा. पाण्याचा थेंब नव्हता. तिनं परत एकदा दाबून पाहिला, मग पदराच्या टोकाला बांधला आणि माझ्याकडे वळली.

‘भाऊजी,’ ती म्हणाली, ‘दोर कमी पडला. जालन्याहून लांब आना.’